काट्यावरचा माणूस

पहाटे चारला थोंग्योंगच्या बंदरावर
शेडचं दार सरकतं,
पस्तीस बाया ओळीनं उभ्या राहतात
आणि कालवं फोडायला लागतात.
मी काट्यावर.
बादली येते, आकडा लिहितो,
बादली जाते.
बोलायचं काम माझ्याकडे नाही.

बोलणं त्यांच्याकडे.
बुधवारी-गुरुवारी रात्री मालिका,
म्हणून गुरुवारी-शुक्रवारी सकाळी भांडण.
"त्यानं तिचं मनगट धरलं!"
मालसुनचा हात सुरीसकट वर जातो.
"भर रस्त्यात! ह्याला प्रेम म्हणायचं?"
"मग काय म्हणायचं?"
"हात धरणं वेगळं, बाई, मनगट धरणं वेगळं.
मनगट पोलीस धरतात."

ओकबुनचा जीव त्या औषधवाल्यावर.
अकरा भाग झाले, तो दुकानाबाहेर
छत्री घेऊन उभा आहे.
"उभा राहतो, त्यालाच किंमत असते."
"उभ्या माणसाशीच लग्न केलं मी,"
पलीकडच्या ओळीतून जॉमन्ये,
"चाळीस वर्षं झाली, अजून उभाय.
फ्रीजपाशी."

मग पाकिटाची गोष्ट निघते.
श्रीमंत आईनं टेबलावर पैशांचं पाकीट सरकवलं,
माझ्या मुलाला सोड म्हणाली,
आणि पोरीनं ते ताठ मानेनं परत सरकवलं.
अर्ध्या शेडला तिचा अभिमान.
थुई हायफाँगहून सून होऊन आली त्याला नऊ वर्षं झाली.
तिचे प्रत्यय चुकतात, हिशेब चुकत नाही.
"पाकीट घ्यायचं," ती म्हणते, "मुलगा पण घ्यायचा.
आई काय पावती दाखवणार?"
हसण्यात दोन बादल्या लवंडल्या त्या दिवशी.

एकदा मी वही मागे चाळत गेलो.
भांडणाच्या सकाळी
दर बाईमागे दीड किलो माल जास्त.
राग हातातून सुरीत उतरतो,
सुरी शिंपल्याच्या फटीत,
आणि मऊ, राखाडी, थरथरतं काहीतरी
बादलीत पडतं.
मालकाला हे सांगितलेलं नाही.
सांगितलं तर तो भिंतीला टीव्ही लावेल.

ग्वीनाम कुणाचीच बाजू घेत नाही.
पुढचा तरी मुलगा व्हावा म्हणून
आईबापांनी मुलाचं नाव हिला देऊन टाकलेलं.
कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणते,
"पोरीला एकदा पोटभर जेवताना दाखवा.
चमचा उचलला की कुणीतरी दार वाजवतं,
नाहीतर फोन, नाहीतर रडू.
एक वाटी संपवली नाही तिनं आजवर."
यावर काय बोलायचं ते कुणाला सुचत नाही.
पाण्याची नळी तेवढी बोलत राहते.

शेवटच्या भागात तिनं दोघांनाही नको म्हटलं
आणि सोक्चोच्या बसमध्ये जाऊन बसली.

शुक्रवारी शेडमध्ये उभं राहवेना.
"आठ आठवडे! यासाठी मी नवऱ्यापासून रिमोट लपवला?"
"कोणीच नाही? तो छत्रीवालाही नाही?"
"लिहिणाऱ्याचंच मनगट धरायला पाहिजे."
ओकबुनचे डोळे भरलेले, हात थांबत नव्हते.
"आणि दगडाच्या काळजाची ती,
एकदा मागे वळून पाहिलं नाही."

"दोनदा," मी म्हटलं.

सुऱ्या थांबल्या.
पस्तीस तोंडं काट्याकडे वळली.
माझा टीव्ही बिघडलाय
असं मी तीन वर्षांपूर्वी सांगितलेलं.
बायको गेली त्या हिवाळ्यात,
कुणी संध्याकाळचं बोलवायला येऊ नये
म्हणून की यावं म्हणून, आठवत नाही.
"पायरीवर एकदा," मी वहीकडे बघत म्हटलं,
"आणि आत बसल्यावर, काच पुसून, एकदा."

"कुणाकडे?" ओकबुननं विचारलं,
इतकं हळू, जणू तिला बसमध्ये मीच बसवून आलो होतो.

थांब्यावर उजवीकडे औषधवाला होता.
डावीकडे गाडीला टेकून तो दुसरा.
दोघांच्या मधे, जरा मागे,
एक म्हातारी मोठ्या पातेल्यातून
वाफाळतं सूप वाढत होती.
"पातेल्याकडे," मी म्हटलं.

केवढा गलका झाला.
मला वेड्यात काढलं, मालसुननं
हातमोजा फेकून मारला, तो चुकला.
तेवढ्यात ग्वीनाम बादली घेऊन आली,
काट्यावर ठेवली,
काही बोलली नाही.
बारा किलो चारशे.
मी साडेबारा लिहिलं.